विस्मरणात गेलेले रॉक कलाकार आणि माळ्यावरच्या कॅसेटी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वेंगुर्ल्याला आमच्या घरी दर आठवड्याला कुणाचा तरी निरोप असतो. कुणाच्या मामाच्या कॅसेटी माळ्यावर सापडलेल्या असतात, कुणी एखादं नाव ऐकलेलं असतं आणि त्याची गाणी कुठे मिळतील ते हवं असतं. सावंतवाडी, मालवण, रत्नागिरी, दापोली आणि मुंबईला असलेले आपले चाकरमानी यांच्याकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा आले, तेच इथे घेतले आहेत. सुरुवातीला सोपे आहेत, पुढे गुंतागुंतीचे. एकाचं उत्तर दुसरीकडे असेल तिथे क्रमांक दिला आहे.

१. विस्मरणात गेलेला रॉक कलाकार म्हणजे नक्की कोण? जो प्रसिद्ध नाही तो प्रत्येक जण का?

नाही. कुडाळ-कणकवलीकडचा एखादा भजनी बुवा आठवून बघा. डबलबारीला तो बसणार म्हटलं की दहा गावांची माणसं मंडपात जमतात, पहाटेपर्यंत हलत नाहीत. पण त्याची एकही रेकॉर्ड निघालेली नसते. बुवा गेले की पंचवीस वर्षांनी लोकांना त्यांचा दरारा आठवतो, आवाज आठवत नाही. रॉकमध्ये असे शेकडो बुवा होऊन गेले. आपल्या शहरात गाजलेले आणि शहराबाहेर कुणालाच माहीत नसलेले.

दुसरा प्रकार ज्यांच्या रेकॉर्ड निघाल्या, पण विकल्याच गेल्या नाहीत त्यांचा. तिसरा प्रकार मला सगळ्यात ओढ लावतो. हे लोक स्वतःच्या देशात अनोळखी राहिले आणि हजारो मैलांवर, त्यांना पत्ताही नसताना, घराघरांत पोचले. अमेरिकेतल्या डेट्रॉइटचा सिक्स्टो रॉड्रिग्ज हा त्यातला. १९७० आणि १९७१ मध्ये त्याचे दोन एलपी, म्हणजे बऱ्याच गाण्यांच्या मोठ्या तबकड्या, निघाले, तिकडे कुणी विचारलं नाही, आणि तो घरं पाडण्याच्या, दुरुस्त करण्याच्या मजुरीवर जगू लागला. दक्षिण आफ्रिकेत मात्र एक अख्खी पिढी त्याची गाणी म्हणत मोठी झाली. तिथे लोक त्याला मेलेला समजत होते. १९९८ मध्ये तो तिथे गेला तेव्हा सभागृहं भरली. २०२३ मध्ये तो वारला.

२. मला इंग्रजी गाण्यांचे शब्द कळत नाहीत. मग ऐकून काय मिळणार?

शब्द मलाही सुरुवातीला कळत नव्हते. माझ्या आजीला तर एकही कळत नव्हता. एकदा मी टेप लावला होता, ती तांदूळ निवडत होती. थोडा वेळ ऐकून म्हणाली, "ह्यो रडता काय गाता?" आणि मग, "पुन्हा लाव." गाणाऱ्याच्या आवाजातलं दुःख तिला पोचलं होतं. दशावतारात बसलेल्या लहान पोराला तरी सगळे संवाद कुठे कळतात?

आणखी एक. गणपतीत बेंजो पार्टी ऐकत वाढलेल्या कानाला विजेवर चालणाऱ्या तारांचा आवाज परका नसतो. भोंग्यातून फाटून येणारा तो कर्कश, गोड सूर आणि इलेक्ट्रिक गिटारचा मुद्दाम फाडलेला सूर यांचं नातं जवळचं आहे. त्या ओळखीवर विश्वास ठेवून ऐकायला बसा.

३. अगदी नवीन आहे. कुणापासून सुरुवात करू?

मी येणाऱ्याला चार-पाच नावं देतो आणि सांगतो, एका आठवड्यात एकच ऐक. रॉड्रिग्ज तर वर आलाच. त्यानंतर मेम्फिसचा बिग स्टार हा बँड. त्यांचा पहिला एलपी १९७२ चा. सुरेल गिटार, एकत्र गायलेले आवाज, आणि वरवर आनंदी वाटणाऱ्या चालीखाली कसली तरी हुरहुर. पुढच्या कितीतरी मोठ्या बँडनी यांच्याकडून शिकल्याचं उघड सांगितलं आहे.

मग इंग्लंडचा निक ड्रेक. तीन एलपी करून १९७४ मध्ये, वयाच्या २६ व्या वर्षी गेला. जिवंत असताना विक्री नगण्य. हा पावसाळ्यात, रात्री, एकट्याने ऐकायचा. त्याच्या शेजारी व्हॅश्टी बन्यन ठेवा. ती घोडागाडीतून मजल-दरमजल करत स्कॉटलंडच्या बेटांकडे निघाली, त्या प्रवासातली गाणी १९७० मध्ये आली, कुणी ऐकली नाहीत आणि तिने गाणं सोडलं. २००० मध्ये तो एलपी पुन्हा निघाला, लोकांनी डोक्यावर घेतला, आणि २००५ मध्ये तिचा दुसरा एलपी आला. मधे ३५ वर्षं! या दोघांना रॉक म्हणायचं की नाही यावर लोक वाद घालतात. मी त्या वादात पडत नाही.

जोरकस काही हवं असेल तर आफ्रिकेतल्या झांबियाचा विच हा बँड. १९७० च्या दशकात तिथे तांब्याच्या खाणींचा पैसा होता आणि सरकारने रेडिओवर देशी संगीतच जास्त वाजवायचा नियम केला होता. त्यातून झामरॉक नावाची एक अख्खी शाखा फुलली. पुढे तांब्याचे भाव कोसळले, एड्सच्या साथीत बँडमधले बहुतेक वादक गेले. गायक जगारी वाचला, रत्नांच्या खाणीत राबला आणि म्हातारपणी पुन्हा रंगमंचावर उभा राहिला.

४. एवढे चांगले होते तर मागे का पडले?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा येतो. विचारणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा अशी शंका असते की काहीतरी कमी असणारच. माझं उत्तर असं की गाणं चांगलं असणं आणि रेकॉर्ड दुकानात पोचणं ही दोन वेगळी कामं आहेत. रायवळ आंबा हापूसपेक्षा गोड निघू शकतो, पण त्याला पेटी मिळत नाही, वाशीचा बाजार मिळत नाही.

बिग स्टारचंच बघा. समीक्षकांनी कौतुक केलं, पण वितरण करणारी कंपनीच अडचणीत होती. लोक दुकानात जाऊन मागत होते आणि रेकॉर्ड तिथे नव्हती. इंग्लंडच्या झॉम्बीज या बँडने १९६७ मध्ये एक विलक्षण एलपी ध्वनिमुद्रित केला, तो १९६८ मध्ये बाहेर येईपर्यंत बँड मोडला होता. १९६९ मध्ये त्यातलं एक गाणं अमेरिकेत गाजलं तेव्हा ते वाजवायला बँडच नव्हता. डेट्रॉइटच्या हॅकनी भावंडांच्या बँडचं नाव होतं डेथ. कंपनीने नाव बदला म्हटलं, त्यांनी नकार दिला. १९७५ चं ध्वनिमुद्रण पडून राहिलं. त्याच्या मूळ टेपा घराच्या माळ्यावर होत्या. २००९ मध्ये त्या गाण्यांचा एलपी निघाला, तोवर थोरला डेव्हिड जाऊन नऊ वर्षं झाली होती.

आणि कधी कारण याहून भयंकर असतं. कंबोडियात १९६० आणि ७० च्या दशकांत सिन सिसामुथ, रोस सेरेसोथिया असे गायक स्थानिक सुरावटीत रॉक मिसळत होते. १९७५ मध्ये ख्मेर रूज या जुलमी कम्युनिस्ट गटाची सत्ता आली आणि हे दोघेही त्या काळात नाहीसे झाले. मूळ टेपा गेल्या. आज जे ऐकायला मिळतं त्यातलं बरंचसं साध्या माणसांनी लपवून ठेवलेल्या कॅसेटी आणि रेकॉर्डींमुळे उरलं. माळ्यावरची कॅसेट फेकू नका असं मी सगळ्यांना सांगत फिरतो ते याचसाठी.

५. त्या काळात भारतात रॉक होतं तरी का?

होतं, आणि भरपूर होतं. मुंबईत जेट्स, सॅव्हेजेस, कम्बस्टिबल्स, पुढे अॅटॉमिक फॉरेस्ट. बंगळूरला ह्यूमन बाँडेज, कलकत्त्यात ग्रेट बेअर, शिलाँगला फेंटोन्स. सिमला नावाच्या सिगारेटच्या जाहिरातीसाठी सिमला बीट नावाची देशभराची स्पर्धा भरायची आणि त्यातल्या निवडक बँडचे दोन एलपी निघाले, १९७० आणि १९७१ चे. आज जगभरचे संग्राहक त्यासाठी धडपडतात. त्यावर उसनी गाणी बरीच आहेत, पण द कन्फ्यूजन्सचं स्वतःचं गाणं ऐकलं की कळतं, ही मुलं नुसती नक्कल करत नव्हती.

परदेशी गिटार आणि अॅम्प्लिफायर आयात करणं त्या काळी जवळजवळ अशक्य होतं. बँडवाले वाद्यं स्वतः जुळवायचे, रेडिओ दुरुस्त करणाऱ्याकडून अॅम्प्लिफायर बनवून घ्यायचे. त्या रेकॉर्डींचा जो खरखरीत, दाटलेला आवाज आज लोकांना आवडतो, त्यात या अडचणींचा वाटा मोठा आहे. अॅटॉमिक फॉरेस्टचा एकच एलपी आहे. पुढे अमेरिकेतल्या नाउ-अगेन या कंपनीने तो पुन्हा काढला. आपल्या शहरातलं संगीत आपल्याला अमेरिकेकडून परत मिळावं याचं मला वाईट वाटतं.

६. त्यात मराठी माणसं होती का?

होती. नंदू भेंडे यांचं नाव सगळ्यात आधी घ्यायला हवं. आत्माराम भेंडे आणि आशा भेंडे यांचा हा मुलगा. मराठी रंगभूमीच्या घरात वाढला आणि रॉक गायला लागला. वेल्व्हेट फॉग, सॅव्हेज एन्काउंटर या बँडमधून ते गायचे. १९७० च्या दशकात अलेक पदमसींनी मुंबईत केलेल्या प्रसिद्ध रॉक ऑपेरात ज्यूडासची भूमिका त्यांचीच. २०१४ मध्ये ते गेले. आत्माराम भेंडे म्हटलं की आपल्याकडे लगेच ओळख पटते, मुलाचं नाव मात्र समजावून सांगावं लागतं.

दुसरे महेश तिनईकर, १९८४ मध्ये सुरू झालेल्या रॉक मशीन या बँडचे गिटारवादक. हाच बँड १९९३ मध्ये इंडस क्रीड झाला. त्याला विस्मृत म्हणणं बरोबर नाही, पण रॉक मशीनच्या काळातले दोन एलपी तरुणांनी ऐकलेले नसतात.

७. या सगळ्याशी कोकणाचा काय संबंध? आपल्याकडे तर भजन आणि दशावतार.

संबंध माळ्यावर आहे. आपल्या किनाऱ्यावरच्या कितीतरी घरांतला एखादा माणूस बोटीवर होता किंवा मस्कत, कुवेत, दुबईला. सुट्टीवर येताना टू-इन-वन आणि कॅसेटी यायच्याच. बोटीवरच्या माणसाने कुठल्या बंदरात काय घेतलं याला काही नेम नसे. म्हणून इथल्या ट्रंकांत ज्या गोष्टी निघतात त्या मुंबईच्या दुकानात कधी आल्याच नव्हत्या. शिवाय चाकरमानी मुंबईहून कॅसेट भरून आणायचे. दुकानदाराला यादी द्यायची, तो ६० किंवा ९० मिनिटांच्या कोऱ्या कॅसेटवर गाणी भरून द्यायचा. त्या याद्या हा एक इतिहासच आहे.

आणि गोवा तर शेजारी. तेरेखोल ओलांडून पुढे शापोऱ्याच्या काठी शिवोली. तिथे रेमो फर्नांडिस यांनी १९८४ मध्ये घरातच, चार ट्रॅकच्या कॅसेट रेकॉर्डरवर, सगळी वाद्यं स्वतः वाजवून आपला पहिला अल्बम केला आणि स्कूटरवरून फिरून विकला. नंतर ते देशभर पोचले, २००७ मध्ये पद्मश्री मिळाली, त्यामुळे त्यांना अनोळखी कुणी म्हणणार नाही. पण त्या पहिल्या घरगुती ध्वनिमुद्रणांचं मोल अजून पुरतं ओळखलं गेलेलं नाही असं माझं मत आहे.

घाट चढून पाचगणीला गेलात तर तिथल्या सेंट पीटर्स शाळेत १९५८ मध्ये पाच मुलांनी द हेक्टिक्स नावाचा बँड केला होता. पियानोवर फारोख बलसारा हा मुलगा असायचा. तो पुढे फ्रेडी मर्क्युरी झाला. बाकीच्या चौघांची नावं कुणी विचारत नाही.

८. सगळे पुरुषच दिसतात. बायका नव्हत्या?

होत्या, आणि त्यांना दुप्पट विसरलं गेलं. सिस्टर रोझेटा थार्प चर्चमधली भजनं इलेक्ट्रिक गिटारवर अशी वाजवायची की पुढच्या रॉक अँड रोलचा पाया तिथेच दिसतो. १९७३ मध्ये ती गेली, कितीतरी वर्षं तिच्या थडग्यावर नावाचा दगडही नव्हता. अमेरिकेच्या रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये तिला २०१८ मध्ये घेतलं. फॅनी हा चार बायकांचा बँड. फिलिपिन्समध्ये जन्मलेल्या जून आणि जीन मिलिंग्टन या बहिणी त्यात होत्या. पहिला एलपी १९७० चा. त्यांचं वाजवणं ऐका, बँड बायकांचा आहे हे सांगायची गरज उरत नाही. अमेरिकेची गायिका बेटी डेव्हिस मात्र प्रत्येकाला पचेलच असं नाही. मला ती फार मोठी वाटते.

९. विसरलेला प्रत्येक कलाकार थोर असतो का?

नसतो. सिमला बीटच्या दोन्ही एलपींवर काही गाणी अगदी सामान्य आहेत. दुर्मीळ रेकॉर्ड आणि चांगली रेकॉर्ड यांत संग्राहकांची गल्लत होते. मी एक साधी कसोटी लावतो. कहाणी माहीत नसताना ऐकलं असतं तर पुन्हा लावलं असतं का?

कहाण्याही तपासून घ्याव्यात. रॉड्रिग्ज दक्षिण आफ्रिकेबाहेर कुणालाच माहीत नव्हता असं सर्रास सांगितलं जातं. खरं तर १९७९ आणि १९८१ मध्ये त्याने ऑस्ट्रेलियात दौरे केले होते. त्याने त्याचं गाणं लहान होत नाही, पण खोटी कहाणी सांगून कुणाचा मान वाढवू नये.

१०. माळ्यावर कॅसेटींनी भरलेली ट्रंक सापडली. पहिलं काय करू?

लगेच वाजवू नका. सगळं नुकसान या पहिल्या उत्साहात होतं. आधी ट्रंक जशी आहे तसा फोटो काढा, मग प्रत्येक कॅसेटचा दोन्ही बाजूंनी, आतल्या कागदासकट. कागदावरचं पेनाचं अक्षर, तारीख, दुकानाचा शिक्का, सगळं महत्त्वाचं. कागद आणि कॅसेट यांची ताटातूट होऊ देऊ नका.

मग उजेडात धरून खिडकीतून फितीची कड बघा. पांढरट पूड किंवा जाळं दिसलं तर ती कॅसेट वेगळी ठेवा आणि प्रश्न ११ वाचा. फीत स्वच्छ दिसली तर कॅसेट एकदा शेवटपर्यंत पुढे आणि एकदा मागे हळू फिरवून घ्या, पेन्सिलने केलं तर उत्तम. वर्षानुवर्षं एकाच जागी दाबलेली फीत मोकळी होते. टेपरेकॉर्डरचं हेड, म्हणजे फीत ज्याला घासून जाते तो आवाज उचलणारा भाग, आधी साफ करा, औषधाच्या दुकानात आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळतं, कानकोरण्याच्या कापसाने पुसायचं. आधी एखादी बिनमहत्त्वाची कॅसेट लावून यंत्र फीत खात नाही ना ते बघा.

ठेवायचं कसं, हेही बरेच विचारतात. आपल्याकडे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, चार महिने भिंतींना ओल. घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा आणि त्यात ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या, एवढं पुरतं. पुड्या दर पावसाळ्याआधी बदला. तांदळात ठेवू नका, पीठ आणि किडे दोन्ही आत जातात. डांबरगोळ्या तर अजिबात नकोत, त्यांच्या वाफेने काही प्लास्टिक मऊ पडतं. आणि कोकमं, पापड वाळवतो तसं ऊन दाखवायचा मोह टाळा. एलपी तासाभरात वाकतो.

११. फितीवर बुरशी आहे. फेकून देऊ?

फेकू नका, पण तशीच वाजवूही नका. बुरशी हेडला लागते आणि तिथून पुढच्या प्रत्येक कॅसेटला. आठ-दहा दिवस सिलिका जेलच्या डब्यात ठेवा म्हणजे बुरशी कोरडी पडेल. मग नाकाला मास्क लावून, घराबाहेर, जुन्या मोडक्या टेपरेकॉर्डरवर पुढे-मागे फिरवत फितीला मऊ कोरड्या कापडाचा हलका स्पर्श द्या. हे काम कंटाळवाणं आहे. पावसाळ्यात करू नका, मार्गशीर्षात किंवा पौषात हवा कोरडी असताना करा. माझ्याकडे आलेल्या बऱ्याच कॅसेटी असं केल्यावर पुन्हा वाजल्या आहेत.

१२. कॅसेट फिरतच नाही, किंवा फीत तुटली आहे.

फिरत नसेल तर बहुतेक वेळा दोष कवचाचा असतो. स्क्रूचं कवच उघडून फितीचे दोन्ही गोळे दुसऱ्या चांगल्या कवचात बसवा. तुटलेली फीत जोडायला साधा सेलोटेप वापरू नका, त्याचा डिंक पाघळतो. जोडकामाची वेगळी चिकटपट्टी मिळते.

१३. जड, ठिसूळ, ताटाएवढ्या रेकॉर्ड मिळाल्या. एलपीसारख्याच का?

नाही. त्या लाखेच्या, मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या. वर सांगितलेलं अल्कोहोल यांना लावलंत तर लाख विरघळते आणि रेकॉर्ड कायमची जाते. कोमट पाण्यात थेंबभर सौम्य साबण, मऊ कापड, लगेच कोरडं करायचं, मधल्या कागदाला पाणी लागू द्यायचं नाही. वाजवायला सुईही वेगळी लागते, एलपीच्या सुईपेक्षा जाड टोकाची. आजोबांच्या जुन्या फिएस्टा रेकॉर्ड प्लेअरवर चालेल असं समजू नका, सुई बघून घ्या.

१४. संगणकावर कसं उतरवू?

टेपरेकॉर्डरच्या लाइन-आउटमधून वायर काढून साउंड कार्डला. हेडफोनच्या भोकातूनही चालतं, आवाज मध्यम ठेवा. ऑडॅसिटी हे फुकट सॉफ्टवेअर पुरेसं आहे. फाइल वेव्ह स्वरूपात जपा, एमपी३ नंतर वाटायला करा. सीडीच्या दर्जाने एका तासाला साधारण ६३५ मेगाबाइट जागा लागते, २४ बिट आणि ९६ किलोहर्ट्झने दोन गिगाबाइटच्या थोडी वर.

आवाज दबलेला, घोंगडीखालून आल्यासारखा वाटला तर हेडशेजारचा छोटा स्क्रू अगदी किंचित फिरवत ऐका. हेड आणि फीत यांचा कोन जुळला की झांजेचा आवाज एकदम उघडतो. तो क्षण मला अजूनही दर वेळी तितकाच सुखावतो. खरखर काढायची घाई करू नका. मूळ प्रत जशी आहे तशी जपा, सफाई दुसऱ्या प्रतीवर करा.

१५. कॅसेटवर नावच नाही. कोण गातंय ते कसं ओळखायचं?

मोबाइलचं गाणं ओळखणारं अॅप बरेचदा हात टेकतं, कारण टेपची गती चुकलेली असते. गती सहा टक्के वाढली की गाणं जवळजवळ एका पट्टीने वर जातं आणि अॅपला ते निराळंच वाटतं. ऑडॅसिटीत गती थोडी खाली-वर करून पुन्हा ऐकवा.

याला एक बारीक युक्ती आहे. आपल्याकडे विजेची वारंवारता ५० हर्ट्झ. घरगुती ध्वनिमुद्रणात तिची गुणगुण कधीकधी फितीवरच उतरलेली असते. ती ५३ वर दिसली तर टेप सहा टक्के जोरात चालतो आहे. पण तुमच्या स्वतःच्या यंत्राचीही गुणगुण ५० वर दिसेल, तिच्याशी गल्लत करू नका. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, त्यामुळे कधीकधी टेप कुठल्या बाजूचा याचाही अंदाज येतो.

एलपी असेल तर शेवटच्या गाण्यानंतरच्या गुळगुळीत पट्ट्यावर कोरलेला क्रमांक उजेडात तिरका धरून वाचा. पाकीट बदललेलं असू शकतं, हा क्रमांक नाही.

१६. इंटरनेटवर "१९७२ चा हरवलेला भारतीय बँड" असं काही दिसतं. खरं असतं का?

आता जपूनच राहावं लागतं. यंत्राने तयार केलेली गाणी जुन्या काळाच्या नावावर खपवली जातात. चार गोष्टी विचारा: रेकॉर्डचा क्रमांक आहे का, लेबलचा फोटो आहे का, वादकांची नावं आहेत का, त्या काळच्या एखाद्या वर्तमानपत्रात किंवा कार्यक्रमाच्या पत्रकात नाव सापडतं का. एकही नसेल तर पुढे पाठवू नका. खोट्या बँडसाठी खर्चलेलं कौतुक खऱ्यांच्या वाट्याचं असतं.

१७. मी उतरवलेली गाणी यूट्यूबवर टाकली तर चालेल का?

स्वतःच्या घरी ऐकायला आणि अभ्यासाला उतरवून घेणं वेगळं, जगाला देणं वेगळं. भारतीय कायद्यानुसार ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं टिकतो. म्हणजे १९७० मध्ये निघालेली रेकॉर्ड २०३० संपेपर्यंत हक्कात आहे. आणि ध्वनिमुद्रण मुक्त झालं तरी गीत-संगीताचा हक्क वेगळा, तो रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षांपर्यंत. उसन्या गाण्यांच्या बाबतीत हीच अडचण येते, वाजवणारे मुंबईचे, गाणं परदेशातल्या कुणाचं.

कधीच प्रकाशित न झालेलं, कुणीतरी घरी किंवा कार्यक्रमात टेप केलेलं असेल तर वादकांचे हक्क आहेतच. कायदा बाजूला ठेवला तरी त्यांना विचारणं हे आपलं काम आहे. कसं विचारायचं ते प्रश्न २० मध्ये.

१८. कंपनी बंद पडली, मालक सापडतच नाही. मग?

कंपनी बंद पडली म्हणून हक्क संपत नाही, तो बहुतेक वेळा दुसऱ्या कुणाकडे गेलेला असतो. रचनाकार हयात नसेल किंवा शोधूनही सापडत नसेल तर कॉपीराइट कायद्याच्या कलम ३१ अ खाली परवान्यासाठी अर्ज करता येतो. त्याआधी वर्तमानपत्रात जाहीर सूचना वगैरे सोपस्कार असतात. दोन-चार गाण्यांसाठी एकट्या माणसाला हे जड जातं. अशा वेळी माझा सल्ला इतकाच की नीट उतरवा, नोंदी ठेवा, दोन ठिकाणी प्रती जपा आणि थांबा.

१९. याला किंमत येते का?

रेकॉर्डला येते, भरून आणलेल्या कॅसेटला सहसा नाही. सिमला बीटचे मूळ एलपी, अॅटॉमिक फॉरेस्टचा मूळ एलपी, आणि भारतात १९६० च्या दशकात बीटल्सची गाणी ७८ च्या तबकड्यांवर निघाली होती त्या, यांना परदेशातून मागणी आहे. दाराशी येणाऱ्या भंगारवाल्याला किंवा पहिल्या फोनवाल्याला विकू नका. आणि विकायचंच असेल तर आधी उतरवून घ्या.

२०. आमच्या वाडीत एक काका आहेत, तरुणपणी मुंबईला हॉटेलात बँडमध्ये वाजवायचे म्हणतात. त्यांना कसं विचारू?

सगळ्यात आधी, विचाराच. गणपती किंवा शिमग्याला माणसं घरी असतात, तेव्हा जा. एकदम मोबाइल समोर धरून मुलाखत सुरू करू नका. अनेकांच्या घरी तो काळ चांगला मानलेला नसतो. दारू, हॉटेल, नाच असं बोलणं त्यांनी आयुष्यभर ऐकलेलं असतं. सुनेसमोर, नातवंडांसमोर ते बोलणार नाहीत. दुसऱ्यांदा जा, तिसऱ्यांदा जा. "तुम्ही प्रसिद्ध का झाला नाहीत" हा प्रश्न कधीही विचारू नका. कोणती गिटार होती, तारा कुठून आणायचात, रात्री किती वाजता सुटायचात, हे विचारा. हाताच्या आठवणी तोंडापेक्षा लवकर जाग्या होतात.

जाताना त्या काळचं काहीतरी ऐकवायला न्या. माझ्याकडे एका ट्रंकेतून आलेली बिननावाची कॅसेट होती, कुठल्याशा हॉटेलात टेप केलेली, लोकांच्या बोलण्याचा आवाज, ग्लासांचा आवाज आणि मागे चार जणांचा बँड. प्रश्न १५ मधले सगळे उपाय करून थकलो होतो. शेजारच्या गावातले एक जुने गिटारवादक, आता नारळ-सुपारी बघतात, त्यांच्याकडे घेऊन गेलो. ओटीवर बसून लावली. ते बराच वेळ काहीच बोलले नाहीत. मग डाव्या हाताची बोटं मांडीवर हलायला लागली, सुरांच्या आधी अर्धा क्षण.

"खंय गावली तुका ही?" म्हणाले.

चष्मा मागवला, कॅसेटचा कोरा कागद काढून घेतला आणि पेनाने चार नावं लिहिली, कोण काय वाजवायचं ते पुढे. ड्रमवाल्याच्या नावापुढे गावही लिहिलं. मग कागद परत दिला आणि म्हणाले, "आता दुसरी बाजू लाव."